निखाऱ्यांवरचं जेवण आणि दाजींची साखर

पवना धरणाच्या काठी तंबूत रात्र काढून आलेल्या कुठल्याही पुणेकराला तिथला बेत पाठ असतो. संध्याकाळी चहा आणि कांदाभजी, अंधार पडला की शेगडीवर मसाला फासलेले कोंबडीचे नाहीतर पनीरचे तुकडे, मग जेवण, मध्यरात्री कुणाला तरी भूक लागते म्हणून मॅगी, सकाळी पोहे. मला यातलं काहीच वर्ज्य नाही. पण डिसेंबरात आमच्या दाजींचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. रक्तदाबाची गोळी तर आधीपासून चालूच आहे. ताईनं फोनवर निकाल देऊन टाकला, “यंदा तुमचं ते तंबू-बिंबू बंद. हे तिथं गेले की सगळं पथ्य चुलीत.”

“मग चुलीतच घालू की,” मी म्हटलं. बोलून गेलो आणि मग ते करून दाखवणं आलं.

जागेचा प्रश्न लवकर सुटला. गडावर चूल मांडायची नाही, हे आमच्याकडे पूर्वीपासून ठरलेलं आहे. राजगड संरक्षित स्मारक, आजूबाजूचं रान वनखात्याचं, आणि दिवाळी उलटली की मावळातलं गवत असं वाळतं की एका ठिणगीनं अख्खी डोंगरसोंड काळी होते. दर उन्हाळ्यात वणवे लागतात आणि त्यातले कितीतरी कुणाच्या तरी हौसेचे असतात. मित्राचं शेत वेल्ह्याच्या वाटेवर आहे. सातारा रस्त्यानं नसरापूरचा चेलाडी फाटा, तिथून आत, मार्गासनीच्या थोडं पुढे. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीची वाट बघणारी माणसं अजून वेल्हंच म्हणतात.) भातकापणी होऊन खाचरं मोकळी पडलेली, म्हणजे आजूबाजूला पेटण्यासारखं फारसं काही नाही, विहिरीला पाणी, आणि शेत सांभाळणारे मामा-मावशी शेजारीच राहायला. आग पेटवायला याहून बरी जागा मला माहीत नाही.

बेत बायकोनं ठरवला. पथ्याचं म्हणजे उकडलेलं आणि अळणी, असं तोंड करून कुणी बसणार असेल तर त्यानं घरीच बसावं, हे तिनं पहिल्यांदा जाहीर केलं. मग काय नको ते ठरलं: मैदा नको, साखर नको, पाकिटातलं काही नको, आणि सहा माणसांच्या रात्रीच्या जेवणाला मिळून चार मोठे चमचे तेल. मिठाचा हिशेब मी घातला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी दिवसाला ५ ग्रॅम मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. स्वयंपाकातच आपण त्याहून जास्त घालतो. त्यावर आणखी भर पडते ती फरसाण, पापड, लोणचं आणि त्या तयार मसाल्यांनी. सहलीला निघालं की डिकीत पहिल्यांदा फरसाणाचीच पिशवी जाते. ती घरी ठेवायची ठरल्यावर माझ्या मुलानं दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

उरलं ते असं: हुलग्याची शेंगोळी, ज्वारी-नाचणीची भाकरी, वांग्याचं भरीत, मोडाच्या मटकीची उसळ, काकडी-गाजराची कोशिंबीर, ताक. पोरांसाठी फुफाट्यात भाजलेली रताळी. चटण्या घरून: जवसाची आणि कारळ्याची, दोन्ही बिनतेलाच्या.

शेंगोळीवर माझा भारी जीव. जुन्नर-आंबेगावकडे घरोघरी होणारा हा पदार्थ पुण्यात अजून म्हणावा तसा हॉटेलात शिरलेला नाही, हे त्याचं नशीब. हुलगे म्हणजे कुळीथ. १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, पाणी कमी असलं तरी येणारं पीक, आणि आपल्याकडे ते पूर्वी बैलांना भरडून घालत. पण चुलीपुढे बसल्यावर त्याचा खरा गुण कळतो तो वेगळाच. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गडावर चढून गेलात तर आणखी खाली. कुकर नसताना तूरडाळ शिजायची वाट बघणं म्हणजे सगळ्यांचा अंत बघणं. हुलग्याचं पीठ मात्र भिजत घालावं लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत शिजतं, आणि डाळ, भाजी, रस्सा सगळं एकाच पातेल्यात होतं. एक भांडं, एक जाळ.

खरेदीला शनिवारी सकाळी मंडईत गेलो. जानेवारीत मंडईत जायला कारण लागत नाही. ओला लसूण, पातीचा कांदा, लालबुंद गाजरं, पावट्याच्या शेंगा, भरताची वांगी. वांगं घेताना हलकं बघून घ्यायचं, जड वांग्यात बिया. हुलग्याचं पीठ मात्र नाना पेठेतल्या भुसार दुकानातून हुलगे घेऊन आमच्या गिरणीतून दळून आणलं. ज्वारीही आदल्याच दिवशी दळली. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरी परातीतच तुटायला लागते, आणि चुलीपुढे वाऱ्यात बसून तुटकी भाकरी सांभाळणं हा काही आनंदाचा भाग नाही. भाज्या घरीच धुऊन, पुसून, सुती पिशव्यांत भरल्या. मटकीला मोड काढून डब्यात. दही स्टीलच्या डब्यात, आणि तो डबा पाणी भरून गोठवलेल्या दोन बाटल्यांच्या मधे, थर्माकोलच्या खोक्यात. एवढी तयारी झाली की जागेवर चिरायला फार काही उरत नाही, हातही कमी वेळा मातीला लागतात.

तवा बिडाचा. रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानातून मी मुद्दाम जाड बुडाचा घेतला होता. नॉनस्टिक चुलीवर नेऊ नये. जाळाचा अंदाज येत नाही आणि त्या लेपाला तेवढी धग झेपत नाही. अॅल्युमिनियमची फॉइलही मी नेत नाही. लिंबू, टोमॅटो, मीठ लागलं की त्यातला धातू अन्नात उतरतो. केळीचं पान असताना कशाला? दोन पानं सोसायटीतल्या केळीची घेतली, माळ्याला विचारून.

शेतावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो आणि त्या खोऱ्यात डोंगरामुळे सावली त्याच्याही आधी उतरते, म्हणून चूल साडेचारला पेटवायचीच असं ठरलं होतं. पोरांनी तोवर गुंजवणीच्या पात्रातून गोल, गुळगुळीत धोंडे आणले, चुलीसाठी. दिसायला सुंदर. मावशी तिकडून ओरडल्या, “ते नका लावू, फुटत्यात!” त्या म्हणाल्या ते खरं आहे. आपल्याकडचा काळा कातळ पुष्कळदा सच्छिद्र असतो. नदीतल्या दगडात पाणी मुरलेलं असतं, तापलं की त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि दगड तडकतो. टवका डोळ्यात गेला तर काय घ्या! बांधावरचे कोरडे, वर्षानुवर्षं ऊन खाल्लेले दगड आणले.

दगड मांडण्याआधी मी गोल, वीतभर खोल खड्डा काढला आणि त्याला लागून हातभर लांबीचा चर. हे मला फार पूर्वी एका मित्रानं दाखवलं होतं आणि तेव्हापासून मी दुसऱ्या प्रकारे चूल मांडत नाही. गोल खड्ड्यात जाळ करायचा, तिथं लाकूड जळत राहतं. त्यातले निखारे चरात ओढायचे आणि स्वयंपाक चरावर करायचा. म्हणजे धूर एकीकडे, अन्न दुसरीकडे. तीन दगड चराच्या तोंडाशी, उघडी बाजू वाऱ्याकडे. भोवतालचं दोन-तीन मीटर गवत खुरप्यानं साफ केलं आणि पाण्याच्या दोन बादल्या शेजारी ठेवल्या. त्या आगीसाठी होत्या, भांड्यांसाठी नव्हे. पोरांना हे दोनदा सांगावं लागलं.

सरपणात बाभळीचं निम्मं. बाभळीचा निखारा टिकतो, धावड्याचाही. पांगारा, सावर यांचं लाकूड भुर्रकन जळतं आणि मागे राखच राहते. पेटवायला ठीक, शिजवायला नाही. दाजी कुंपणाकडून चांगल्या वाळलेल्या फांद्या तोडून घेऊन आले. कण्हेर! सगळ्या फेकायला लावल्या. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे आणि तिचा धूरही घेऊ नये. प्लायवूडचे, रंगाचे तुकडेही मावशींच्या पडवीत होते, त्यांना हात लावला नाही. रॉकेलबिकेल काही नाही. गोवरीचा एक तुकडा, त्यावर कडकडीत काटक्या, वर बोटाएवढ्या जाडीच्या, मग मनगटाएवढ्या. लाकूड ओलसर असेल तर धूर होतो, आणि धुराचं अन्न चविष्ट लागत असलं तरी ते प्रकृतीला बरं असं कुणी म्हणणार नाही.

पेटल्यावर खरी कसोटी लागते ती धीराची. ज्वाळा उठल्या की सगळ्यांना वाटतं, झालं, ठेवा पातेलं. तंबूवाल्यांच्या शेगडीवर तेच चालतं. मांसाची नाहीतर लोण्याची चरबी निखाऱ्यावर टपकते, तिचा धूर होतो आणि त्या धुरातले घातक पदार्थ परत मांसावरच जाऊन बसतात. बाहेरून काळं, आतून कच्चं. कर्करोगाच्या जोखमीबद्दल डॉक्टर जे बजावतात ते या काळ्या भागाबद्दल. त्याला उपाय सोपा आहे: ज्वाळा विझू द्यायच्या, निखाऱ्यावर पांढुरकी राख धरू द्यायची. तळहात वीतभर उंचीवर धरायचा. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत हात काढावा लागला तर धग तेज, भाकरीच्या तव्याला चालेल. पाच-सहा मोजता आले तर मध्यम, भरीत आणि उसळीला बरोबर. आमच्याकडे हे व्हायला पाऊण तास लागला. या पाऊण तासात सगळी पथ्यं मोडतात, हा माझा पक्का अनुभव आहे. भुकेली माणसं, समोर आग, आणि कुणाच्या तरी बॅगेतून निघालेलं वेफर्सचं पाकीट. म्हणून बायकोनं काकडी, गाजर, उकडलेले हरभरे आणि भाजलेल्या शेंगा आधीच परातीत काढून ठेवल्या होत्या. परात रिकामी झाली. चमचाभर तेल न खर्चता अर्धी लढाई तिथंच जिंकली.

निखारे होत होते तेव्हा मी पातेल्यांच्या बुडाला बाहेरून ओली माती आणि राख कालवून लेप दिला. मावशींनी मान डोलावली. हा लेप असला की काजळी त्यावर बसते आणि नंतर पाण्यानं सुटी होते. शहरातल्या माणसाला हे माहीत आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं. मला माझी आजी आठवली, पण तो विषय इथं नको.

शेंगोळीचं पीठ ताईनं मळलं. दोन भाग हुलग्याचं, अर्धा भाग ज्वारीचं, ओला लसूण आणि हिरवी मिरची ठेचून, जिरं, हळद, कोथिंबीर, बेतानं मीठ. घट्ट. ओल्या लसणानं जी चव येते ती तेलानं येत नाही, म्हणून फोडणीला एकच चमचा. पाणी भरपूर घालून उकळी आणली आणि मग सगळ्यांनी गोल बसून शेंगोळ्या वळायला घेतल्या. तळहातावर पिठाची गोळी घ्यायची, दोन्ही हातांत घासत करंगळीएवढी लांब करायची, टोकं जुळवून उकळत्या पाण्यात सोडायची. पाणी खळखळतंच राहिलं पाहिजे, नाहीतर शेंगोळी बुडाशी बसून विरघळते. इथं मी जाळ वाढवायला गेलो आणि मावशींनी मला थांबवलं.

“दादा, एवढा जाळ कशाला? पीठ शिजायचंय, दगडं न्हाय.”

त्यांनी एक जाडं लाकूड मागे ओढलं, दुसरं जरा आत सारलं, आणि उकळी जशी हवी तशी झाली. चुलीवर गॅससारखं बटण नाही असं आपण म्हणतो, पण लाकूड आत सारणं आणि मागे ओढणं हेच ते बटण. थोडं पीठ पाण्यात कालवून वरून सोडलं की रस्सा दाट होतो. झाल्यावर पातेलं बाजूच्या दगडावर, वैलावर असतं तसं, नुसत्या धगीवर ठेवून दिलं. मटकीची उसळ त्याच निखाऱ्यांवर, पाण्याचा हबका मारत, झाकण ठेवून. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चांगली झाली.

वांगी थेट निखाऱ्यावर. आधी टोचे मारायचे, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतात. शेजारी चार कांदे सालासकट आणि लसणाचे गड्डे. वांग्याची साल पुरती काळी पडते आणि पडलीच पाहिजे. ते मऊ झालं की पातेल्यात झाकून पाच मिनिटं, मग साल आपोआप सुटते. भरीत पाण्याखाली धुऊ नका. बोटं ओली करून काळे कण काढले की पुरे, नाहीतर चव विहिरीत जाते. काळे कण मात्र नीट काढावेत, ते पोटात जाण्यात काही शहाणपण नाही. भाजलेला कांदा, लसूण, मिरची, दाण्याचं थोडं कूट, लिंबू. तेल नाहीच. दाजींनी पहिला घास घेतला आणि विचारलं, “ह्यात तेल किती घातलंय?” “शून्य,” म्हटल्यावर त्यांनी ताईकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून घरी भरताचं काय होतं याचा अंदाज आला.

भाकरी मावशींच्या हातची. मी थापू शकतो, पण माझी भाकरी तव्यापर्यंत पोचेतो तिला महाराष्ट्राच्या नकाशाचा आकार येतो. नाचणी एकट्यानं थापता येत नाही, तिला धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून मावशींनी पिठाला उकळत्या पाण्याची उकड काढून ज्वारीत मिसळली. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि भाकरीत ती कुणाला कळतही नाही. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकता सुकता उलटली. दुसरी बाजू भाजली की तवा जरा बाजूला सारून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी धरायची. फुगते. गॅसवर ती फुगते पण तिला हा वास येत नाही. मावशी एकीकडे थापत होत्या, दुसरीकडे निखारे पुढे ओढत होत्या, आणि डोळे मिटून धुरातून बोलत होत्या.

मी विचारलं, “मावशी, घरी चुलीवरच करता?”

“छ्या! गॅस हाय की. आंघोळीचं पाणी तेवढं चुलीवर. डोळं गेलं आमचं धुरानं.”

हे मला लिहायला हवं. सिंहगड रस्त्यापासून मुळशीपर्यंत जिकडेतिकडे ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या आहेत आणि आपण तिथं गाड्या लावून जेवतो. त्या चुलीवर अर्थातच कुणीतरी बसलेलं असतं, बहुतेक वेळा बाईच. लाकडाच्या धुरातले बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. दमा, खोकला, मोतीबिंदू हे वर्षानुवर्षं बंद खोलीत चूल पेटवणाऱ्या बायकांचे आजार आहेत, आणि २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली ती याच कारणानं. खाणाऱ्याला आरोग्यदायी आणि रांधणाऱ्याला रोग, असं हे जेवण आहे. उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेनं पाठ करून, सुक्या लाकडाच्या निखाऱ्यांवर, कधीमधी हौसेनं करणाऱ्याला त्रास कमी. रोज करणाऱ्याचा प्रश्न वेगळा. म्हणून भाकऱ्या झाल्यावर मावशींना उठवलं, वाढणं-भांडी आमच्याकडे घेतली आणि त्यांना आणि मामांना पहिल्या पंगतीला बसवलं. मावशींनी शेंगोळीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. बरोबर होतं. ते मुद्दाम कमी होतं.

आता रताळ्यांची गोष्ट, कारण त्यावरून वाद झाला. रताळी आम्ही फुफाट्यात पुरली होती, निखाऱ्यात नव्हे. गरम राखेत तासभर. रताळं असं हळूहळू तापताना त्यातला एक विकर (एन्झाइम) पिष्टाची साखर करत राहतो. जितका वेळ ते साठ-सत्तर अंशांच्या आसपास रेंगाळेल तितकं ते गोड होतं. म्हणून राखेतलं रताळं उकडलेल्यापेक्षा गोड लागतं, साल फोडली की मधासारखं चिकट पाणी सुटतं. आणि म्हणूनच ते मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला उकडलेल्यापेक्षा वाईट. रक्तातली साखर ते बरंच लवकर चढवतं. निसर्गाचं, बिनतेलाचं, मातीतलं असं सगळं असूनही. मी हे बोलेपर्यंत दाजींचं अर्धं रताळं संपलेलं होतं.

त्यांनी सोबत साखर मोजायचं यंत्र आणलं होतं. पहिल्या घासापासून दोन तासांनी टॉर्चच्या उजेडात बोट टोचलं. १५२. निरोगी माणसाची १४० च्या आत हवी. दाजी म्हणाले रताळ्यानं घात केला, ताई म्हणाली तिसऱ्या भाकरीनं, बायको म्हणाली त्या पवनेच्या काठी मोजली असती तर यंत्रच फुटलं असतं. एका टोचण्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण जेवल्यावर आम्ही खाचरांच्या बांधांवरून दोन फेऱ्या मारल्या आणि दाजी न सांगता आले, ही त्या रात्रीची कमाई.

नंतर असाच बेत पुन्हा जमला तेव्हा बायकोनं पोपटी लावली. तिचं माहेर अलिबागकडचं, आणि घाटाखाली थंडीत पोपटीशिवाय चालत नाही. माठात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मधे अंडी, बटाट्याऐवजी आम्ही गाजरं आणि थोडी रताळी. (हो, पुन्हा.) वर परत पाला, माठाचं तोंड पाल्यानं घट्ट बंद, आणि उलटा करून भोवती जाळ. तेल नाही, पाणी नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं वाफवतं. अर्ध्या तासात शेंगा तयार. कोंबडी घालायची असेल तर लहान तुकडे करून, केळीच्या पानात गुंडाळून, आणि जास्त वेळ. हाडाजवळ गुलाबी दिसली तर परत आत. कोंबडी शेगडीवर भाजण्यापेक्षा मला हा प्रकार शंभर वेळा पटतो, चरबी निखाऱ्यावर टपकण्याचा प्रश्नच येत नाही. भांबुर्डा नीट ओळखणारं कुणी बरोबर असेल तरच पाला घ्या. ओळखीचा नसेल तर केळीच्या पानांवर भागवा.

दाजींच्या त्या पहिल्या खेपेला सकाळी चूल परत पेटवायची गरज पडली नाही. रात्रीच्या चार भाकऱ्या उरल्या होत्या, त्या कुस्करून ताक, कांदा, कोथिंबीर आणि जवसाची चटणी घातली. पोरांनी आधी नाकं मुरडली आणि नंतर पातेलं पुसून खाल्लं. दूध-भात किंवा वरण आम्ही ठेवलंच नव्हतं. शिजवलेलं, ओलसर अन्न रात्रभर बाहेर ठेवू नये, थंडी असली तरी. भाकरी कोरडी म्हणून चालते.

आग मात्र रात्रीच विझवली होती. लाकडं पसरवायची, पाणी शिंपडत काठीनं राख ढवळायची, परत पाणी. वरून काळं दिसलं तरी आत निखारा असतो. शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघायची, ऊब लागली तर आणखी एक तांब्या. मग खड्डा मातीनं बुजवला. मामांनी सकाळी त्यावर फावडं मारून बघितलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी राख बुजवू नका, एका बाजूला काढून ठेवा, मिरचीच्या वाफ्यात टाकायला होते.